पावसाळ्यात आलेले बिशप साहेब

गेल्या ऑगस्टात जे झालं ते तुम्हाला फोनवर सांगायचं राहूनच गेलं. तुमच्याकडे परदेशात तेव्हा सकाळ असते, तुम्ही घाईत असता, आणि ही घाईत सांगण्यासारखी गोष्ट नाही. म्हणून लिहिते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून पाटोद्याच्या आपल्या लहानशा मंडळीत दृढीकरणाचा वर्ग मी घेते, हे तुम्हाला माहीत आहे. लहानपणी बाप्तिस्मा झालेली माणसं या वर्गात प्रश्नोत्तरं शिकतात. मग बिशप साहेब येऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात आणि त्या दिवसापासून त्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेता येतो. वर्ग जूनमध्ये सुरू होतो, बिशप साहेब जानेवारीत येतात. हे वेळापत्रक मीच आखलेलं. जानेवारीत हवा थंड, रस्ते कोरडे, जेवणाला बाहेर मांडव घालता येतो. मला त्याचा थोडा अभिमानसुद्धा होता.

या वर्गात एक बाई सहा वर्षं येत होती. चाळिशीच्या आसपासची, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे जातात आणि ऊन तापल्यावर परततात. ही दर जूनला येऊन मागच्या सतरंजीवर बसायची. दहा आज्ञा पाठ होतात न होतात तोच एका रविवारी तिची जागा रिकामी. पुढच्या जूनला पुन्हा हजर. मध्ये खंड पडला की सुरुवातीपासून शिकायचं, असा माझा नियम. तो मी तिला सहाही वर्षं लावला. मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई तिला म्हणायच्या, “अगं, तुझ्याबरोबरच्या पोरींना लेकरं झाली, तू अजून बिगरीतच!” ती तोंडाला पदर लावून हसायची. मीही हसत असे.

गेल्या जूनमध्ये मात्र मी तिला जरा कडकच बोलले. “विश्वास म्हणजे काय हंगामी काम आहे का? एक वर्ष तरी शेवटपर्यंत ये.”

ती रागावली नाही. म्हणाली, “बाई, एक इचारू का? बिशपसाहेब पावसाळ्यात येत न्हाईत व्हय?”

“का गं?”

“न्हाई, आमी पावसाळ्यातच गावात असताव, म्हनून.”

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. जानेवारीत ऊसतोड ऐन भरात असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. दर जानेवारीत तिच्या नावापुढे मी लाल शाईनं ‘गैरहजर’ लिहीत होते, आणि सहा वर्षांत या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकदाही एकत्र आल्या नव्हत्या. मी ज्या दिवसाची तिला वाट बघायला लावली होती, त्या दिवशी ती इथे असणं शक्यच नव्हतं.

तशीच उठून मंडळी सांभाळणाऱ्या पाळक साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “खरं आहे हो बाई. माझ्याही लक्षात आलं नाही.”

“पण ती तरी आधी का नाही बोलली?”

पाळक साहेब जरा घुटमळले. “तुम्हाला कोण बोलणार, बाई?”

हाही धक्काच होता, पण तो गिळून मी त्याच दिवशी बिशप साहेबांना पत्र लिहिलं. एका बाईसाठी पावसाळ्यात याल का, असं स्पष्ट विचारलं. ऑगस्टातल्या एका रविवारी येतो, असं त्यांचं उत्तर आलं. मग मी तिला रोज संध्याकाळी बोलावू लागले. खुरपणीहून ती थेट यायची, नखांत माती तशीच. दीड महिन्यात तिचं सगळं पाठ झालं. जे सहा वर्षांत होत नाही असं मी म्हणत होते, ते दीड महिन्यात.

रविवार आठ दिवसांवर आला तेव्हा तिला त्या दिवशी नेसायला माझी एक पांढरी साडी इस्त्री करून मी तिच्या वस्तीवर गेले. तिनं साडीवरून हात फिरवला आणि घडी न मोडता माझ्या मांडीवर परत ठेवली.

“बाई, औंदा न्हाई.”

मला वाटलं, थट्टा करते आहे. “औंदा न्हाई म्हणजे?”

“आमच्या मालकासाठी थांबते.”

तिचा नवरा आपल्या चर्चच्या दारात कधी दिसायचा नाही, म्हणून मी त्याला दारुडा समजून कधीच मोकळी झाले होते. ती खाली बघत सांगू लागली. त्यांचं पहिलं मूल उसाच्या फडावरच, पाचटाच्या खोपटात, कोपीत, तापानं गेलं होतं. दहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यानं देवाचं नाव टाकलं होतं.

“मी प्रार्थना म्हनू लागले की त्ये उठून बैलाकडं जायाचे. दोन वर्सं तसंच. मग कोपीच्या दारात बसाया लागले, पाठ करून. ह्या सालाला एक डाव आमेन म्हनले. एकच डाव. मी वळून बगितलं बी न्हाई.”

“का?”

“बगितलं असतं तर लाजून उठले असते की.”

मी म्हटलं, “अगं, पण विश्वास ज्याचा त्याचा असतो. तुझं तू घे, त्यांचं ते बघतील.”

“ठावं हाय बाई. तुमीच शिकिवलंय. पन आता कुठं त्ये दारापत्तुर आलेत. मी एकलीच पुढं गेले तर त्ये तिथनंच माघारी फिरतील. फडात नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. एकल्याला अर्धा कोयता म्हनत्यात.”

“बिशप साहेब तुझ्या एकटीसाठी येताहेत! यादीत दुसरं नाव नाही!”

“त्याचीच लाज वाटतीया,” ती म्हणाली. “तुमी लई रागावल्या व्हय?”

हो, रागावले होते. साडी घेऊन चिखलातून तडक घरी आले. सहा वर्षं माझ्यासमोर बसलेल्या बाईचं मूल गेलेलं मला ठाऊक नव्हतं. आणि धीर म्हणजे काय यावर दर वर्षी एक पाठ मीच तिला देत होते! बिशप साहेबांना फोन करायला हवा होता. माझ्यासारखीनं तो आठ दिवस केला नाही. काय सांगायचं तेच सुचेना.

रविवारी सकाळपासून भुरभुर होती. बिशप साहेबांची जीप आपल्या फाटकाशीच चिखलात रुतली. समोरच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली एक माणूस मोटारसायकल लावून उभा होता. बायकोला सोडायला आलेला. साहेबांनी जीपमधून उतरून त्याला हाक मारली, “ओ दादा, जरा हात लावता का?” त्यानं चपला काढल्या, खांदा लावला, गाडी निघाली. साहेबांचा पांढरा झगा गुडघ्यापर्यंत भरला.

दारातच छत्रीखाली मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ओरडा खायची तयारी ठेवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, “नवरा कुठे आहे तिचा?”

“साहेब, आत्ता गाडी ढकलली ना, तेच.”

त्यांनी मागे वळून पाहिलं, “बरं,” म्हणाले आणि आत गेले. त्याला बोलावलं नाही, उपदेश नाही, काही नाही. मी थक्क होऊन तिथेच उभी. इतका लांबून आलेला माणूस असा रिकाम्या हातानं आत कसा जातो? मला राहवेना. मी फाटकाकडे निघाले, तोच मागून माझा पदर कुणीतरी धरला. तीच होती.

“बाई, बोलवू नगा.”

उपासना सुरू झाली. पाऊस वाढला तसा तिचा नवरा ओसरीत आला आणि चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिला. प्रभुभोजनाला आम्ही सगळे उठलो. ती मांडीवर हात ठेवून जागेवरच बसली होती.

उपासना संपल्यावर तो माझ्यासमोर आला. “बाई, हिला तुमी लई बोललात म्हनं.”

“बोलले. माझं चुकलं.”

चूक कबूल करायची मला सवय नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यालाही ते अपेक्षित नसावं. ओल्या डोक्यावरून हात फिरवत तो उगाच पावसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मला लिवता-वाचता येत न्हाई. त्ये तुमचं पाठांतर किती असतंय?”

एकूण प्रश्न किती, आज्ञा किती, वचनं किती, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. ती दोन पावलांवर पाठमोरी उभी राहून पदर पिळत होती. पिळण्यासारखं पाणी त्यात उरलं नव्हतं, तरी पिळत होती, आणि वळत नव्हती.

“घाई नाही,” मी म्हटलं. “ऊसतोडीला जाऊन या. आल्यावर नुसतं बसून ऐका.”

दसऱ्यानंतर ते दोघं टोळीबरोबर गेले. मी बिशप साहेबांना पुढच्या पावसाळ्यासाठी पत्र पाठवलं आहे. कुणासाठी या, ते त्यात लिहिलेलं नाही.