मालन खरं बोलत होती

मालन गेल्याचा फोन तिच्या थोरल्या भावानं केला. निपाणीचे अण्णा. "मालन गेली ओ, सकाळी," एवढंच म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण मी आधी तो आवाज तपासला. हुंदका जरा जास्तच होतोय का? मागे कुणी हसतंय का? चिकपेटमधल्या तिच्या खोलीचा अरुंद जिना चढतानाही मी कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरा शोधत होते. दारातला चपलांचा ढीगसुद्धा मला कुणीतरी मुद्दाम मांडल्यासारखा वाटला. आत चटईवर मालन होती... तिच्या गार कपाळाला हात लावेपर्यंत माझा विश्वास बसला नाही.

साड्यांच्या खोक्यांवरची लेबलं, चुकीच्या छापलेल्या लग्नपत्रिका, खालच्या ठोक दुकानातल्या चिंध्या असं काहीबाही कापून, खळीनं चिकटवून मालन चित्रं करायची. नवरीचं नाक एका पत्रिकेतलं, डोळे साबणाच्या वेष्टनावरचे, आणि तरी ती बाई आपल्या ओळखीची वाटायची. पण तिला जास्त ओढ होती ती माणसांसमोर करायच्या प्रयोगांची. ते नाटक नव्हे. तिकीट नाही, पडदा नाही, आणि प्रयोग चालू आहे हे बघणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नसे.

आमची ओळखच तशी झाली. मी पुण्याहून इथे कानडी शहरात नोकरीला येऊन वर्षही झालं नव्हतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक बाई मध्येच उभी राहिली. "माझी पर्स गेली. आत्ता इथंच होती." हळूहळू सगळ्या हॉलच्या माना वळल्या, दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या कमलम्माकडे. माझीही वळली. मग त्या बाईनं पदराआडून पर्स काढून वर धरली. "कुणी कुठं बघितलं, तेवढं लक्षात ठेवा." लोक भडकले. मला मात्र वाटलं, बिचाऱ्या कमलम्माला हिनं फुकट वापरलं. तसं तिला तोंडावर म्हटलं तर मालन हसली. "अगं, कल्पना तिचीच. तिच्यावर दोनदा आळ आलाय. विचार तिला." मी खरंच जाऊन विचारलं. कमलम्मानं मान डोलावली, "हौदु अम्मा," आणि पुन्हा झाडायला लागली.

त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी झालो, पण माझी शंका काही सुटली नाही. मालन जेवताना ठसकली तरी मी आधी तिचे डोळे बघायची. "तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस," ती म्हणायची.

मग बोम्मसंद्राचं झालं. एका दुपारी तिचा फोन आला, आवाज खोल गेलेला. "चक्कर येऊन पडलेय गं. इथं बोम्मसंद्राच्या शेडमध्ये कुणी नाही... येतेस?" मी मीटिंग अर्धवट टाकून सर्जापूर रोडवरून रिक्षा पकडली. बंद पडलेल्या कारखान्याच्या त्या शेडमध्ये मालन ठणठणीत उभी होती. समोर सहा खुर्च्या मांडलेल्या. सहा मित्रमैत्रिणींना तिनं तोच फोन केला होता. "बस," ती म्हणाली. तासभर वाट पाहूनही बाकीच्या पाच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तिला रडू आलं. मी चिडले होते, म्हणून ते रडणंही मला प्रयोगातलंच वाटलं. मी उठून निघाले. "पुन्हा मला असं बोलावू नकोस."

तीन महिने आम्ही बोललो नाही. मग एका मंगळवारी, ऐन कामाच्या वेळी, तिचा फोन आला.

"माझं काही खरं नाही गं. डॉक्टर म्हणतात, स्वल्पच दिवस."

मी म्हटलं, "या वेळी किती खुर्च्या मांडल्यास?"

मग ती हसली. अगदी नेहमीसारखी. "सरी, बरंय. ठेवते."

त्या हसण्यावरून मी माझ्या मनाशी निकाल लावून टाकला. सहा आठवड्यांनी अण्णांचा फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर खोली आवरताना कपाटात एक जाड फाईल सापडली. तपासण्या, चिठ्ठ्या, एक्स-रे, सगळं तारखेनुसार लावलेलं. ज्या बाईनं विजेचं बिलसुद्धा अखंड ठेवलं नाही, तिनं त्यातल्या एकाही कागदाला कात्री लावली नव्हती. पहिला कागद त्या शेडच्या आधीचा होता. म्हणजे ती तेव्हाही... माहीत नाही. फाईल माझ्या हातात बघून अण्णांनी विचारलं, "आमाला तर काय पत्ता लागू दिली नाही. तुमच्याजवळ तरी बोललीती काय?"

मी नाही म्हटलं.

"मग कुणालाच बोलली नाही पोरगी. एकटीनंच सोसली," ते म्हणाले, आणि तेच आता येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगतात.

जाताना त्यांनी खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. "तिचं माणूस तुम्हीच." दर रविवारी मी जाते, खिडकी उघडते. डब्यातली खळ वाळून तडकली आहे. भिंतीवरचं चित्र अर्धवट आहे. त्यात कुणाचा चेहरा यायचा होता, हे मी ओळखायला जात नाही. तिच्या बुटक्या स्टुलावर बसून राहते.

अण्णा पेपरची ही पुरवणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. म्हणून इथे लिहिते. अण्णा, तिनं सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. किल्ली परत न्यायला याल तेव्हा मी खोलीतच असेन.