त्या लोकांचे हात

सरांच्या बायकोने वांग्यांवर पाणी शिंपडलं. मागच्या दारी, दगडावर ठेवलेल्या पिशवीवर, वरूनच. माझ्या हातून ती काही घेत नसे. शिंतोडे वाळले की पिशवी आत जायची आणि तीच वांगी त्यांच्या ताटात पडायची.

हे दर बाजारच्या दिवशी. ऐंशीच्या दशकात भीमपूरकडच्या आमच्या वस्तीतल्या मुली दहावीला इंग्रजीतच अडकत. म्हणून माय वांगी द्यायची आणि सर मला संध्याकाळच्या शिकवणीला बसू द्यायचे. ओसरीवर नाही. खाली, अंगणात.

त्या दिवशी सर इंग्रजीत मालकी कशी लिहायची ते शिकवत होते. मालक एक असेल तर नावानंतर, वरच्या अंगाला, स्वल्पविरामासारखी खूण, मग एस. मालक अनेक असतील तर आधी एस, मग खूण. ओसरीवरच्या मुलांनी उदाहरणं दिली. बापाचा ट्रॅक्टर. तिघा काकांचं दुकान. मला समजत होतं. आवडतही होतं. मी हात वर केला.

"थांब, तुझं मीच सांगतो," सर म्हणाले. "पीपल. लोक अनेक, पण शेवटी एस नाही. म्हणून इथं खूण आधी, एस नंतर." त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि मराठीत वाचलं, "त्या लोकांचे हात." मग माझ्याकडे बोट केलं. "म्हणून आमच्या घरी भाजीवर पाणी मारावं लागतं."

मुलं हसली. एकाने विचारलं, "पण सर, भाजी चालते का?"

"भाजीला काय होतं रे. धुतली की आपली."

मला किळस आली. शिव्या मी ऐकल्या होत्या. पण हा माणूस माझ्या मायच्या हातांना घाण मानत होता, त्याच हातांचं खात होता, आणि तेच मला धडा म्हणून शिकवत होता.

मी उठले. मागच्या दारी जाऊन ओली पिशवी उचलली.

"कुठं गं?"

"वांगे मायचे आहेत, सर. वापस नेऊन राह्यली."

"मग दहावी विसर."

घरी माय चुलीपुढे होती. "काऊन वं, घेतले नाही का आज?"

मी सगळं सांगितलं. तिने विळी पुढे ओढली. मग म्हणाली, "आन इकडं. आज आपनच खाऊ."

दहावीला मी इंग्रजीत नापास झाले. सरांशी वाकडं घेतलं म्हणून आमच्याच लोकांनी नावं ठेवली. दुसऱ्या खेपेला एकटीने अभ्यास करून पास झाले. पुढे आदिलाबादला कॉलेज, घरातली पहिली पदवी. ती खूण लिहिताना मी कधी चुकत नाही, आणि ती सरांनीच शिकवली. हे उपकार मी नाकारत नाही.

आता सर निवृत्त होत आहेत. शाळेचा निरोप आला आहे, जुनी विद्यार्थिनी म्हणून कृतज्ञतेचे दोन शब्द बोला.

मी जाणार आहे. काय शिकवलं ते सांगेन. कसं शिकवलं तेही, एक शब्द न गाळता. सर समोर बसलेले असतील, गावही असेल. हार मी घालणार नाही.