एकाच नवऱ्याची चाळीस लग्नं

मशीन चालू असताना चाचा कधी घड्याळाकडे बघत नसत. ते थांबलं की बघत. नगरच्या आमच्या छापखान्यात पायाने चालवायचं ट्रेडल मशीन होतं आणि त्यावर तीस वर्षं चाचाच. मशीन थांबलं की ते मागच्या भिंतीवर खडूने एक रेघ ओढत. छापलेले कागद मोजताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. म्हणायचे, "पळत्या बैलाकडं काय बघायचं? बसला की बघायचं."

दुसरी मोठी लढाई संपून कागद जरा मोकळा मिळू लागला, त्या लग्नसराईत मी तिथे नवा मॅनेजर होतो. मशीन तासाला हजार प्रती काढतं, दिवसाचे तास दहा, एका लग्नाच्या पत्रिका अडीचशे. म्हणजे दिवसाला चाळीस लग्नं. मी तो कागद मालकांना दाखवला आणि पत्रिका कबूल करत सुटलो.

चाचांनीही कागद पाहिला. "ब्येस हाय, भाऊसाहेब. फकस्त ह्यात एकाच नवऱ्याची चाळीस लग्नं हायेत."

दर लग्नाला जुना मजकूर उतरवायचा, नवा चढवायचा, ठसा सारखा उठेपर्यंत जुळवत बसायचं. त्यात पाऊण तास जाई. छपाई पंधरा मिनिटांची. म्हणजे तासाला एक लग्न, दिवसाला दहा. चाचांनी हे बोटांवर सांगितलं. मी हसून सोडून दिलं.

घोडेगावच्या एका वधूपित्याला पत्रिका लग्नाच्या आदल्या दिवशी मिळाल्या. लग्न उरकून ते मालकांसमोर येऊन बसले. "सख्खा मेव्हणा रुसलाय. आता तुमीच जा समजूत काढायला."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चाचा सारखं मशीन थांबवतात," आणि भिंतीवरच्या रेघा दाखवल्या.

चाचांना मशीनवरून काढून कागद कापायला बसवलं. चार दिवसांनी ते तिथूनच मला म्हणाले, "लाल शाईच्या पत्रिका एका दमात घ्या, शाई धुवायचं वाचंल. आन् गणपती, चौकट हलवूच नका. नावं, गाव, तिथी तेवढी बदला."

पाऊण तासाचं काम पाव तासावर आलं. दिवसाला वीस लग्नं निघू लागली आणि मी वीसच कबूल करू लागलो. मालकांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

पुढच्या हंगामात मी शब्द टाकून चाचांना मशीनवर परत आणलं. उशिराचं खरं कारण मात्र मालकांना सांगितलं नाही. आम्ही रोज एकत्र जेवायचो. त्यांच्या घरच्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी मी माझी पोळी त्यांच्याकडे सरकवायचो. सुखाचे दिवस होते ते, आणि म्हणूनच चाचांशी त्याबद्दल बोलणं लांबत गेलं.

चाचा काम सोडून काष्टीला लेकीकडे निघाले, तेव्हा स्टेशनावर मी कसंबसं म्हणालो, "चाचा, त्या वेळी चूक माझी होती."

"मला ठाऊक हाय की," ते म्हणाले. "मला सांगून काय उपेग? मालकास्नी सांगा."

मी हो म्हणालो. पुढे चाचा गेले, मालकही गेले, सांगणं राहिलं.

आता छापखान्याच्या पन्नाशीची पुस्तिका निघते आहे. तिच्या कच्च्या प्रतीत दिवसाला वीस लग्नांची ती पद्धत माझ्या नावावर आहे. मी ती ओळ खोडून लिहिलं आहे: पत्रिका उशिरा गेल्या त्या माझ्यामुळे, वेळेवर जाऊ लागल्या त्या मशीनमन इस्माईलचाचांमुळे. मालकांच्या मुलाने वाचून मान हलवली आणि कागद छापायला पाठवला.

चाचांची लेक अजून काष्टीलाच असते. पुस्तिका हाती आली की मी स्वतः घेऊन जाणार आहे.