डाव्या हाताचं इंजिन

"मास्तर, हात डावीकडे!"

म्हणजे हँडलला डावा हात लावा! शेठ असे ओरडले की माझा उजवा हात आपोआप मागे यायचा. नाही आला तर वर चापट बसायची. मी कोसबाडला विज्ञान शिकवायचो, डोक्याला टक्कल पडलं होतं, तरी माझी चापट काही चुकली नाही.

चारोटीहून डहाणूकडे येताना पत्र्याची एक काळपट शेड तुम्हीही पाहिली असेल. गॅरेज समजून पुढे गेला असाल. मीही बरेच दिवस तसाच जात होतो. आत वाफेची इंजिनं बनायची. शेठच्या आजोबांनी भातगिरण्यांसाठी ती बनवायला घेतली. आजोबा डावखुरे, म्हणून वाफ सोडायचं हँडल त्यांनी डावीकडे बसवलं. पुढे गिरण्यांत वीज आली. वडिलांनी पोटासाठी पंप दुरुस्त केले, तरी अधूनमधून एखादं इंजिन केलंच. शेठ शाळांसाठी टेबलावर मावणारी इंजिनं करू लागले, तेव्हा मीही त्यांचा गिऱ्हाईक झालो. हँडल मात्र तिथंच राहिलं.

आता गंमत बघा. वडील उजवे आणि शेठही उजवे! उजवा हात डावीकडे नेला की मनगट मधल्या तापलेल्या नळीला लागणारच. गिऱ्हाइकाला चटका बसू नये म्हणून शेठ डोळ्यात तेल घालून उभे राहायचे, ओरडायचे. स्वतःला मात्र डाव्या हातानं काही जमायचं नाही. त्यांच्या मनगटावर डागांची रांगच होती.

"अहो, मग उजवीकडे बसवा की!" मी एकदा वैतागून म्हटलं.

"आजोबांचं मशीन आहे, मास्तर. तुमच्या सोयीनं फिरवू?"

"माझ्या नको, तुमच्या सोयीनं फिरवा!"

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणताना ते मनगटावर फुंकर घालत होते. हट्टी माणूस!

एकदा चारोटीच्या एका भंगारवाल्याकडे गंजलेलं धूड पडलेलं दिसलं. नुसत्या हँडलवरून शेठनी ते ओळखलं, टेम्पोत चढवलं, वर हार घातला. "आजोबा घरी आले," म्हणून मला पेढा दिला. मीही खुळ्यासारखा पाया पडलो.

काळजी त्यांना एकच. मुलगा वापीला नोकरीला. तो म्हणायचा, "पप्पा, वाफेचं आता कोण विचारतंय? बंद करा." शेठ मग मला विचारायचे, "मास्तर, माझ्यामागे हा बॉयलर कोण पेटवणार?"

मग तलासरीकडची सून आली. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला मी होतो. पाहुण्यांना दाखवायचं म्हणून शेडमध्ये बॉयलर पेटवलेला होता. सूनबाईनं पंगतीत डाव्या हातानं वरण वाढलं आणि सासूबाईंनी डोळे वटारले. शेठ मात्र भरल्या ताटावरून उठले.

"अरे, ही डावखुरी! चल पोरी, चल!"

उष्ट्या हातानं ते तिला शेडमध्ये घेऊन गेले, मागोमाग अख्खी पंगत. तिनं सहज हँडल फिरवलं. चाक फिरलं आणि तिचा हात नळीच्या जवळपासही गेला नाही. शेठ ढसाढसा रडायला लागले.

"पप्पा, चुकलं का माझं?" ती घाबरून गेली.

"तुझं नाही गं. इतकी वर्षं आमचंच चुकत होतं."

त्यानंतर ती रोज शेडमध्ये. दोघांचं लेथवर जोरात भांडण चाले, आणि शेठ कधी नव्हे इतके खुशीत असत.

गेल्या दिवाळीनंतर शेठ गेले. मला वाटलं, शेडला कुलूप लागलं असेल. परवा शाळेसाठी इंजिन बघायला गेलो, तर बॉयलर तापलेला. मी सवयीनं उजवा हात पुढे केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला चटका बसला. ओरडायला कोणी नव्हतं ना! डोळ्यांत पाणी आलं, ते काही चटक्यानं नव्हे.

तेवढ्यात मागून सणसणीत आवाज आला, "मास्तर, हात डावीकडे!"

सूनबाई हात पुसत धावत आली आणि आधी तिनं माझ्या हातावर चापट मारली.