कुणाचा तरी राहिलेला फोन

ह्यांच्या फोनच्या डेटाचं बिल मी अजून दर महिन्याला भरते. हे, म्हणजे माझे यजमान, गेल्या मार्चपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नर्सिंग होममध्ये आहेत. फोन मात्र आमच्या स्वयंपाकघरात टोस्टरशेजारी चार्जरला लावलेला असतो. माझ्या फोनवरच्या नकाशात त्यांच्या नावाचा निळा ठिपका आमच्याच घरावर दिसतो. मध्ये एकदा कंपनीला फोन करून विचारलं, की नुसता नंबर ठेवता येईल का, डेटा नकोय. पलीकडची मुलगी म्हणाली, स्मार्टफोनला डेटाशिवाय प्लॅनच नाही. मग मी सगळंच ठेवलं. कशासाठी, असं आमच्या मुलीनेही विचारलं.

ह्याच डेटावरून मी केवढी भांडले होते ते आठवलं की स्वतःचीच कीव येते.

आम्ही कॅनडात, रेजिनाला आलो ते ह्यांच्या नोकरीसाठी. प्रांताच्या रस्ते खात्यात हे इंजिनियर होते, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मी शाळेत गणित शिकवलं. आवाज चढवायची सवय मला त्या नोकरीने लावली, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हणायची, सवय आधीपासूनच होती, नोकरीने फक्त पगार दिला. ह्यांचा आवाज मात्र मी कधी चढलेला ऐकला नाही. घरात त्यांचा एकच नियम होता, दाराच्या आत मराठी. मुलगी शाळेतून आल्यावर इंग्रजीत काही मागायला लागली, की हे पेपरमध्ये डोकं घालून बसत, जणू कोणी बोललंच नाही. इंग्रजी बाहेरच्या लोकांसाठी. बँकेत, गॅरेजात, शेजारच्या म्हाताऱ्याशी हे इतक्या मऊ, अदबशीर इंग्रजीत बोलत, की मी चिडवायची, 'अहो, माझ्याशी पण बोला ना कधीतरी असं गोड.' त्यावर हे म्हणायचे, 'तू काय परकी आहेस का?'

विसरायला लागले ते निवृत्तीनंतर काही वर्षांनी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, माहितीपत्रकं दिली, आणि पुढे काय काय होत जाईल तेही सांगितलं. मी तेव्हाच मनाशी ठरवलं, की जे व्हायचं ते होऊ दे, पण हे घरात राहिले पाहिजेत. दुसरं काही मागायचं मी सोडून दिलं होतं. नर्सिंग होममध्ये आपला माणूस नाही, आपलं जेवण नाही, हे तर होतंच. पण तिथे ह्यांच्याशी मराठीत कोण बोलणार, हा विचार आला की मी ती माहितीपत्रकं मिटून ठेवायची.

ह्यांना चालायची आवड. इथे जमीन परातीसारखी सपाट आणि रस्ते काटकोनात, त्यामुळे हरवायला कर्तबगारीच लागते. हे हरवायला लागले. पण तेव्हा त्यांच्याकडे तो जुना बटणांचा फोन होता. एक नंबरचं बटण दाबून धरलं की घरी लागायचा. बाकी सगळं विसरले तरी त्यांचा अंगठा ते बटण विसरला नव्हता. घरचा फोन वाजायचा आणि पलीकडून शांत आवाज यायचा, 'अगं, मी कुठे आहे?'

'समोर काय दिसतंय?' मी विचारायची.

मग हे वर्णन करायचे, आणि ते वर्णन ऐकायला मला, खरं सांगते, आवडायचं. दुसरा कोणी म्हणाला असता, एक चर्च आहे, एक दुकान आहे. हे म्हणायचे, 'चार पदरी रस्ता आहे, मधला दुभाजक नंतर घातलेला दिसतोय. उजव्या कडेला डांबराचं ठिगळ आहे, वाईट काम. पाणी इकडे ईशान्येला वाहणार.' रस्त्याचं नाव त्यांना वाचूनही कळत नसे, पण पाणी कुठे वाहणार ते कळे. एवढ्यावर मी ओळखायची आणि गाडी काढायची. तिथे पोचले की हे त्या ठिगळाशेजारी उभे असत आणि म्हणत, 'आलीस? बघ हे काय केलंय.' असं आमचं बरं चाललं होतं. त्याला बरं म्हणायचं असतं हे तेव्हा कळत नव्हतं.

मग कंपनीचा मेसेज आला. जुनं नेटवर्क बंद होणार, तुमचा फोन त्यानंतर चालणार नाही, नवीन घ्या. मुलगी आता दूर, सरे शहरात राहते. तिला फोन केला तर ती म्हणाली, 'आई, परफेक्ट टायमिंग. माझा जुना फोन पाठवते, त्यात लोकेशन ऑन करू. बाबा कुठे आहेत ते यू कॅन जस्ट सी. त्यांना काही करायला नको.'

तिचा फोन पोस्टाने आला. तो घेऊन आम्ही दोघं मॉलमधल्या कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती, लुधियानाची. मला बघून हिंदीत बोलायला लागली. मी सांगितलं, नंबर तोच ठेव, प्लॅन तोच ठेव, फक्त ह्या फोनमध्ये घालून दे.

'आंटी, ये स्मार्टफोन है ना. इसमें डेटा लेना पडेगा.'

'बेटा, इनको इंटरनेट नहीं चाहिए. इनको कुछ भी नहीं चाहिए. सिर्फ घर पे फोन करना है.'

'मैं समझ रही हूँ, आंटी. लेकिन सिस्टम अलाऊ ही नहीं करता.'

मला तो शब्द ऐकला की संताप येतो. सिस्टम म्हणजे कोण? कुठे बसतो? मी म्हटलं, बटणांचा फोन दे मग. एकही नव्हता. मी म्हटलं, मॅनेजरला बोलाव. मॅनेजर आला, तो इंग्रजीत तेच म्हणाला, फक्त जास्त हसून. मी फळ्यासमोर बोलायच्या आवाजात त्याला विचारलं, की ज्या माणसाला आज कुठला वार आहे ते सांगता येत नाही, तो तुमचा डेटा घेऊन काय करणार आहे? सगळं दुकान वळून बघायला लागलं. हे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, जुना फोन मुठीत घट्ट धरून. ते तेवढे बघत नव्हते.

मी तिथूनच मुलीला फोन लावला, तक्रार करायला. ती म्हणाली, 'आई, बट लोकेशन पाठवायलाच डेटा लागतो. घराच्या बाहेर वायफाय कुठेय? डेटा नसेल तर तुला बाबा दिसणार नाहीत.'

झालं. भांडणच संपलं. मी डेटा घेतला, आणि निघताना त्या मुलीला 'सॉरी, बेटा' म्हटलं. तिने ह्यांच्या हातातला फोन हळूच मागितला. हे देईनात. मग ती म्हणाली, राहू द्या त्यांच्याकडे, तसाही तो आता चालणार नाही.

उन्हाळाभर ठिपक्याने काम केलं. मी भाजी चिरता चिरता बघायची, ठिपका तळ्याकडे चाललाय, वळला, बाकावर बसला असणार. उशीर झाला की जाऊन घेऊन यायची. पण आता घरचा फोन वाजत नसे. नव्या फोनची गुळगुळीत काच ह्यांनी एकदा बोटाने पुसली, चष्म्याची पुसावी तशी, आणि खिशात टाकली. कुठे आहे, पाणी कुठे वाहणार, डांबर कोणी खराब घातलंय, हे मला सांगायचं त्यांना कारणच उरलं नाही. मला ते सापडत होते आणि त्यांचा आवाज येत नव्हता. ह्यात काय गमावतोय ते कळायला मला फार वेळ लागला नाही, पण तक्रार कोणाकडे करणार? मुलगी म्हणत होती, सी, वर्किंग सो वेल.

मग एक दिवस ठिपका लायब्ररीत जाऊन बसला तो हलेचना. मी पोचले तर हे नव्हते. काउंटरवरच्या बाईंनी ड्रॉवरमधून फोन काढून दिला. एक अतिशय सभ्य गृहस्थ आले होते, म्हणाल्या, कोणाचा तरी फोन राहिलाय म्हणून देऊन गेले. हे मला दोन चौक पलीकडे बसच्या थांब्यावर सापडले.

आता ह्यात नवल काही नाही. पार्किंगमध्ये पडलेला एकटा हातमोजासुद्धा हे उचलून आत काउंटरवर नेऊन देणार, अशातले. खिशात आपला नसलेला फोन सापडल्यावर ते दुसरं काय करतील? मी समजावलं, 'अहो, हा तुमचाच आहे.'

'छे. माझा लहान आहे. बटणांचा,' असं म्हणून ते सगळे खिसे चाचपायला लागले. तो जुना सापडेपर्यंत चैन पडेना. शेवटी जुना एका खिशात आणि नवा दुसऱ्या खिशात, असं आम्ही ठरवलं. नवा हे परत करत राहिले. ग्रोसरीत, बँकेत, दवाखान्यात, एकदा तर बर्फ काढणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला. मी मागच्या बाजूला घरचा नंबर चिकटवला. आसपासच्या दुकानांत जाऊन सांगून आले, की असे असे गृहस्थ फोन परत करायला आले तर घेऊ नका, तो त्यांचाच आहे. लोक माझ्याकडे दयेने बघायचे, कदाचित त्यांना वाटत असेल की आजार मलाच आहे. मुलीने लोकेशनवालं घड्याळ पाठवलं. हे मनगटावर आपलं जुनं घड्याळ सोडून दुसरं काही बांधून घेईनात. पाकीट उघडलं तसं बंद करून ठेवलं.

विंटर आला. मी दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी बसवून घेतली. पण आपण अंघोळीला जातोच, आणि एखाद्या दिवशी कडी लावायची राहतेच. एका सकाळी केस पुसत बाहेर आले तर दार सताड उघडं आणि घरात थंडी भरलेली. ठिपका ग्रोसरीच्या दुकानावर. दुकानाने फोन घेतला होता, नेहमीची मुलगी सुट्टीवर होती. हे कुठे आहेत ते कोणालाच माहीत नव्हतं. उणे तीसच्या खाली तापमान, आणि हे घरातल्या स्वेटरवर गेलेले. पोलिसांना कळवलं, गाडी घेऊन एकेक रस्ता पिंजला. मला देव आठवला नाही. मला आठवत होतं ते डांबराचं ठिगळ, आणि ते सगळं बर्फाखाली गेलेलं.

एका बस ड्रायव्हरला हे दिसले, औद्योगिक भागात, कुठल्याशा गोदामाच्या भिंतीला टेकून उभे असलेले. त्याने बस थांबवून त्यांना आत घेतलं म्हणून वाचले. त्याचा निरोप पोलिसांकडून मिळाला तशी मी तिथे पोचले. हे बसमध्ये हीटरपाशी बसले होते, उघड्या हाताची बोटं पांढरी पडलेली. त्या हातात तो जुना फोन होता आणि अंगठा एक नंबरच्या बटणावर. मला बघून म्हणाले, 'अगं, तू उचलत का नाहीस?'

मी त्यांच्याशेजारी बसून रडले. बसमधले लोक खिडकीबाहेर बघत राहिले.

बोटं वाचली. हॉस्पिटलमध्ये सोशल वर्करने आम्हाला बसवून सांगितलं, की आता होमचा विचार करायला हवा. मुलगी विमानाने आली होती, तिचंही तेच मत पडलं. मी ऐकलं नाही. मी म्हटलं, ते घर ओळखतात, मला ओळखतात, माझ्याशी त्यांच्या भाषेत बोलतात. हे जोवर आहे तोवर मी त्यांना कुठेही पाठवणार नाही. सोशल वर्कर बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, ठीक आहे, जोवर आहे तोवर. मुलगी परत गेली, पण एका होममध्ये नाव नोंदवून गेली. जागा झाली की कळवतील, आणि तेव्हा लगेच उत्तर द्यावं लागेल, एवढंच मला सांगितलं.

जागा झाल्याचा फोन फेब्रुवारीच्या शेवटी आला. मुलीला मी सांगितलं, नाही म्हण. ती म्हणाली, 'थिंक अबाउट इट, आई. उद्यापर्यंत वेळ आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते. बाहेर छान ऊन पडलं होतं. हे बैठकीत होते. कोचावर पडलेला तो नवा फोन त्यांना दिसला असावा. तो हातात धरून हे आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. आत आले नाहीत. परक्याच्या स्वयंपाकघरात कोणी सरळ शिरत नाही. त्यांनी घसा खाकरला.

'एक्स्क्यूज मी, मॅम,' ते म्हणाले. 'आय थिंक समबडी लेफ्ट धिस हिअर.'

तोच मऊ, अदबशीर आवाज. मी आधी मागे वळून बघितलं, कोणी आलंय का म्हणून. मग शेगडी बंद केली. हात पदराला पुसायला गेले, पदर नव्हता, स्वेटरलाच पुसले. 'अहो,' असं ओठांपर्यंत आलं होतं. पण ते इतक्या सौजन्याने उत्तराची वाट बघत होते, की मराठीत बोलून त्यांना घाबरवायचं माझ्याने होईना.

'थँक यू, सर,' मी म्हणाले. 'आय विल मेक शुअर ही गेट्स इट.'

'दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू.' फोन माझ्या हातात देऊन त्यांनी मान लववली. मग दाराकडे बघत म्हणाले, 'आय शुड बी गोइंग. माय वाइफ वरीज.'

मी त्यांचे बूट काढून दिले, कोट घातला, माझाही घातला, आणि आम्ही घराभोवतीच्या चौकाला एक फेरी मारून आलो. परत आल्यावर हे कोचावर झोपले. मी मुलीला फोन केला आणि म्हटलं, होमला हो म्हणून कळव.