मास्तरांचा विस्तव

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका डोकं उठवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. शेवटच्या दिवशीही सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन दारात हजर. "भाऊ, विस्तव द्या." खिशात काडेपेटी खुळखुळते, तरी माझ्याच चुलीतला पाहिजे! मी म्हटलं, "काऊन हो मास्तर, सरकार पेन्शन देते, अन् काडी ओढाले हात दुखते का?" तर म्हणतात, "काडीची आग आजची, भाऊ. चुलीतली घरोघर, पिढ्यानपिढ्या मागत मागत आलेली असते."

अमडापूरच्या शाळेतून सुटलेला माणूस. नागपूरहून आणलेलं जाडं पुस्तक बगलेत, अन् नाद कशाचा, तर तिकडं रशियाकडच्या स्लाव लोकांचे पूर्वज आगीला काय म्हणत असतील याचा! तो शब्द कुणी लिहिला नाही, ऐकलेला माणूस जिवंत नाही. तरी माझ्या बायकोनं पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंतीवर यांनी कोळशानं 'ओग्नि' लिहिलं, अन् आधी एक चांदणी काढली. म्हणे, चांदणी म्हणजे शब्द सापडलेला नाही, जुळवलेला आहे. आपल्या अग्नीचाच भाऊबंद, तसाच पुल्लिंगी. लिथुआनियात मात्र बाई झाला. हिलाही तो शब्द विभक्त्यांत चालवायला लावायचे. ही ओरडायची, "मी सैपाक करू का तुमचा शब्द चालवू, मास्तर?" जुळवला कसा, विचारलं तर गल्लीकडं बोट. "चार घरी धूर दिसतो. चौघांनी एकाच घरून विस्तव नेला असेल, तर ती चूल कोणाची, हे त्या धुरांवरून काढायचं. तसाच चार भाषांतल्या शब्दांवरून मूळ शब्द. झालं!"

ही गेली अन् माझी चूल विझली. दिवस उरकले तरी पेटवली नाही. पुतण्याकडून भाकर यायची, ती कुत्र्याला टाकायचो. मास्तर मात्र रोज गोवरी घेऊन दारात. नाही म्हटलं तर थंड्या चुलीपुढं बसून त्या शब्दाची षष्ठी विभक्ती घोकत बसायचे. शेवटी ही ब्याद टळावी म्हणून, त्यांच्याच काडेपेटीतली काडी ओढून चूल पेटवली. "आता ही आजचीच ना?" मी डाफरलो. "चूल जुनी आहे," म्हणाले, अन् विस्तव घेऊन गेले. पेटलीच आहे तर भाकर थापली. थापली तर खाल्ली. पुढं रोज तेच.

त्या शेवटच्या दिवशीही सकाळी विस्तव नेला, अन् संध्याकाळी मास्तर बसल्या जागी गेले. पोर ना बाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरडी बांधून झाली, मडकं आलं, अन् मडक्यात घालायला त्यांच्या घरात विस्तवच नाही! कुणी म्हणालं, "काडी ओढा, उशीर होऊन राह्यला."

"थांबा बे," मी म्हटलं.

घरी आलो. चूल पेटवली, चांगले लाल निखारे होऊ दिले, मडक्यात भरले, अन् कुणी न मागता त्यांच्या दारी घेऊन गेलो.