प्लायवुडच्या कॅबिनमधलं ड्रिफ्टिंग

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दोनच पेडल असतात. क्लच आणि ब्रेक. रेस नसते. गाडी पुढे न्यायची ती शिकणाऱ्याने, आपण फक्त थांबवायची. बोरिवलीतल्या एका स्कूलमध्ये मी बरीच वर्षं हे काम केलं आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती मला गाडीतून उतरवून कॅबिनमध्ये बसवलं तेव्हापासून.

आमच्याकडचे रस्ते कायम कुठे ना कुठे खणलेले. शिकायला येणाऱ्याचा अर्धा तास दोन सिग्नल आणि एका बॅरिकेडमध्ये संपायचा. लोक कुरकुर करायला लागले, तेव्हा मालकांनी तोडगा काढला. त्यांच्या मुलीकडे कॉम्प्युटरवर रेसिंग खेळायचं एक चाक होतं. खऱ्या स्टिअरिंगएवढं, खाली तीन पेडल, बाजूला गिअर आणि हँडब्रेकची दांडी. ते त्यांनी ऑफिसात आणलं, मागच्या बाजूला प्लायवुडची कॅबिन ठोकून घेतली, एसी लावला, मोठा स्क्रीन लावला. पहिले काही धडे आत, मग रस्त्यावर. कल्पना वाईट नव्हती.

पण एसीमुळे कॅबिनचं दार बंद ठेवावं लागायचं, आणि आमच्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका. बंद दाराआड बाईला शिकवायला बाईच हवी, यावर मालक, बायकांचे नवरे, सासवा आणि खरं सांगायचं तर त्या बायका, सगळ्यांचं एकमत होतं. शिकवणारी बाई स्कूलमध्ये मी एकटी.

"थोडे दिवस गो," मालक म्हणाले. ते कुडाळकडचे, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. "दुसरी बाई मिळेपर्यंत."

दुसरी बाई मिळाली नाही. ते शोधत होते की नाही, मला शंका आहे. माझी गाडी दुसऱ्या शिक्षकाकडे गेली.

कॅबिनला खिडकी नव्हती. दोन खुर्च्या ठेवल्यावर एकीने उठायचं तर दुसरीने पाय वर घ्यायचे. नव्या प्लायवुडचा वास, एसीचं पाणी बादलीत टपटपतंय, आणि समोर स्क्रीनवर कुठल्याशा परदेशी गावातला स्वच्छ, मोकळा रस्ता. तोच रस्ता, तीच वळणं, एकीमागून एक बाई.

"मॅडम, इथे रिक्षा कुठेयत?" एकीने विचारलं.

"नाहीत."

"मग शिकून उपयोग काय?"

मी तिला पुन्हा पहिल्या वळणावर आणलं. सकाळी आत गेलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, ते येणाऱ्या बाईच्या चपलांवरून कळायचं. नोकरी सोडायचा विचार केला. पण माझ्या वयाच्या शिक्षिकेला दुसरं स्कूल सहज घेत नाही आणि नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर माझ्या पगारावर चालत होतं. म्हणून बसले.

मालकांची मुलगी मरोळला नोकरी करते. घरी जाताना वडिलांना घ्यायला ऑफिसात यायची आणि ते आवरेपर्यंत कॅबिनमध्ये आपलं चाक फिरवत बसायची. तिला मी शाळेच्या गणवेशात पाहिलेलं, त्यामुळे ती मला मावशी म्हणते. एकदा मी पर्स घ्यायला आत गेले तर स्क्रीनवर गाडी चक्क आडवी धावत होती.

"हे काय? तोंड एकीकडे, गाडी एकीकडे."

"ड्रिफ्ट म्हणतात याला. मागची चाकं घसरवायची आणि घसरतच ठेवायची."

"आणि टायर?"

"टायर फुकट आहेत मावशी. बस ना, बघ एकदा."

खरं तर मला घरी जायचं होतं. पण दिवसभर दुसऱ्यांना चालवताना बघून इतका वीट आला होता की मी बसले. मोकळं मैदान होतं, मधोमध एक नारिंगी शंकू. त्याच्याभोवती आडवं घसरत गोल फिरायचं, एवढंच.

"दुसरा गिअर. चाक वळव. हँडब्रेक ओढ. मागचं सुटलं की रेस दे."

मागचं सुटलं. माझा डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, दोन्ही तळापर्यंत. गाडी शहाण्यासारखी उभी राहिली.

"ब्रेक कशाला?"

"घसरली ना."

"अगं, घसरायलाच हवीय."

पुन्हा केलं. पुन्हा दोन्ही पाय खाली. मी ठरवून दाबत नव्हते. डोक्यात विचार यायच्या आत पाय पोचलेले असायचे. पाचव्यासहाव्या वेळी ती माझ्या पायांकडे वाकून बघायला लागली. "तुझे पाय सरकारी नोकरीत आहेत. सगळ्या फायली अडवतात."

हाताचंही तेच. स्कूलच्या गाडीत आम्ही डावीकडे बसतो. शिकणारीचं चाक सावरायचं ते उजव्या हाताने, खालच्या डाव्या कडेला धरून. डाव्या हाताला कामच नसतं. इथे चाक माझ्या समोर होतं, तरी उजवा हात आपोआप त्याच कोपऱ्यात जायचा आणि डावा मांडीवर पडून राहायचा. इतक्या बायकांना लायसन्स मिळवून दिलं आणि माझं स्वतःचं गाडी चालवणं एका हाताचं, दोन पेडलांचं झालं होतं. हे कळल्यावर मला वाईट वगैरे वाटलं नाही. चीड आली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा खुर्चीखाली ठेवला आणि दार लावून घेतलं.

शिकवणं माझा धंदा आहे, तेव्हा स्वतःला शिकवताना लाड केले नाहीत. चपला काढल्या. एक चप्पल उलटी करून ब्रेकच्या पेडलवर ठेवली, म्हणजे पाय तिकडे गेला की तळव्याला लगेच कळेल. डावा हात चाकावर आहे की नाही, हे प्रत्येक सुरुवातीला मोठ्याने म्हणायचं. मी बायकांना जसं ओरडते तसंच स्वतःला ओरडत होते, फक्त बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात.

सगळ्यात अवघड होतं चाक सोडणं. गाडी घसरायला लागली की ते चाक स्वतःच उलट्या बाजूला गरकन फिरतं. त्याच्या आत मोटर असते, ती खऱ्या गाडीसारखा जोर लावते. त्या वेळी ते धरायचं नसतं. फिरू द्यायचं आणि हवं तिथे पकडायचं. मी कशी सोडणार? धरून ठेवलं, तर चाकाच्या दांड्याने अंगठा असा झोडपला की संध्याकाळपर्यंत सुजला. नवऱ्याने विचारलं तेव्हा दारात सापडला म्हणून सांगितलं. कॉम्प्युटरच्या खेळात लागलं, हे सांगायला माझं वय आडवं आलं.

बरेच दिवस रोज तेच. थोडा भात खायचा आणि शंकूभोवती फिरायचं. रेस जरा जास्त झाली की शेपूट पुढे येऊन गाडी गर्रकन उलटी व्हायची, कमी झाली की सरळ होऊन मैदानाबाहेर निघून जायची. मधली जागा अगदी थोडी. नजरही समोरच्या काचेतून ठेवून चालत नाही. जिकडे जायचं तिकडे, म्हणजे बाजूला, शंकूकडे ठेवायची. एका दुपारी पाय ब्रेककडे गेलाच नाही. इंजिनाचा आवाज एकाच पट्टीत राहिला, चाक माझ्या दोन्ही हातांत थोडं थोडं हलत राहिलं आणि गोल पूर्ण झाला. मग दुसरा. मग मी मोजलं नाही. थांबले तेव्हा डबा गार झाला होता आणि मी होते तिथेच, प्लायवुडच्या आत. तरी तो गार भात मी चवीने संपवला.

मग माझं गणित चुकलं. मला वाटलं, मालकांना हे दिसलं तर त्यांना कळेल की ही बाई आत फुकट जातेय. म्हणून मी दार लावायची तितकीशी काळजी घेईनाशी झाले. मालाडहून येणारी एक पन्नाशीची बाई एकदा वेळेआधी आली आणि थेट आत घुसली.

"मॅडम, हे आपल्या कोर्समध्ये आहे?"

"नाही."

"का नाही? आम्हाला नुसतं हाफ क्लच, हाफ क्लच, आणि तुम्ही आत ही मजा करताय होय?"

तिने तिच्या सोसायटीत सांगितलं. चार बायका नुसतं बघायला आल्या, त्यातल्या दोघींनी नाव घातलं. मालक आत आले, हाताची घडी घालून उभे राहिले. "परत कर बघू." मी केलं. आदल्या दिवसांपेक्षा छान झालं. ते खूश होऊन बाहेर गेले आणि काही दिवसांत काचेवर नवीन स्टिकर लागला, बायकांसाठी खास कॅबिन, खास शिक्षिका.

"माझी गाडी कधी देताय परत?" मी विचारलं.

"गाडी कशाक गो आता? तू हयच बरी. एसी आसा, धूळ नाय, धूर नाय. तुझ्यामुळे बायका येतायत. थोडे दिवस म्हटलेलं ते विसर, आता कायमचंच समज."

म्हणजे मी स्वतःच्या हाताने दाराला कुलूप घातलं होतं.

त्या संध्याकाळी घरी भाकऱ्या थापताना मी एवढंच बघितलं, की मी आत आहे ती नेमकी कशामुळे. मालकांमुळे नाही, बायकांमुळेही नाही. सकाळी गेल्या गेल्या त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले.

"मी कॅबिनमध्ये का आहे?"

"बायकांबरोबर बाई हवी म्हणून."

"बाईच का?"

"दार बंद असतं म्हणून. सकाळी सकाळी काय हे?"

"मग दार काढा. दार आणि ही पुढची फळी. सगळं ऑफिसातून दिसेल. मग कोणीही शिकवू दे."

"आणि एसी?"

"तुम्हालाही लागेल. रोज रुमालाने वारा घेताय."

"आणि आवाज?"

"रस्त्यावर आवाज असतोच."

ते हसले नाहीत. बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मी सांगितलं, नाहीतर या महिन्याअखेर मी येत नाही. हे मला परवडणारं नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. पण शिकवणारी दुसरी बाई त्यांच्याकडे नव्हती, हे मलाही माहीत होतं.

"ठीक," ते शेवटी म्हणाले. "पण मग ते गोल गोल बंद. उघड्यावर आडव्या गाड्या नकोत. बघणारे काय म्हणतील, हे असलं शिकवतात? आरटीओचा माणूस आला म्हणजे?"

यावर मी लगेच हो म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. त्यांची मुलगी मला नुकतीच इंग्रजी आठचा आकडा शिकवायला लागली होती. एका शंकूभोवती घसरत जाऊन, गाडी तशीच उलट्या बाजूला फेकून दुसऱ्याभोवती जायचं. मला ती मधली फेक अजून एकदाही साधली नव्हती, आणि ती साधेल असं पायांना वाटायला लागलं होतं. मालक वाट बघत होते. मी हो म्हणाले.

मुलीने संध्याकाळी येऊन हँडब्रेकची दांडी सोडवून पिशवीत टाकली. "विकलंस मला, मावशी."

"तुला नाही. आठच्या आकड्याला."

"घरी ये ना मग. माझं नवीन लावलंय."

"तुझं घर तिकडे टोकाला, मी बोरिवलीला. स्वयंपाक कोण, तू करणार?"

तिने पिशवी खांद्याला लावली. मी जायला हवं होतं कदाचित. गेले नाही.

फळीचे स्क्रू मीच काढले. सुताराला बोलावू म्हणत मालकांनी आठवडा घालवला असता. एकेक स्क्रू काढून त्यांच्या हातात देत गेले आणि ते घेत राहिले. फळी निघाली तेव्हा आतला गार वारा बाहेर आला आणि बाहेरची धूळ आत गेली.

पुढच्या सोमवारी माझी गाडी मिळाली. डावी सीट, पायाशी दोन पेडल, शेजारी पहिल्यांदाच रस्त्यावर आलेली एक घाबरलेली बाई. मालाडच्या अलीकडे पुढे पाण्याचा टँकर, मागे बस, दोन्ही बाजूंना खोदकामाचे पत्रे. कोणी हलत नव्हतं. मी काच खाली केली. धूर आत आला, रिक्षावाल्यांची भांडणं आत आली.

"मॅडम, इथे किती वेळ अडकणार आपण?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पहिला गिअर टाकून ठेव. टँकर हलला की जायचं."